रिकाम्या काट्याचं वजन

रिकामा काटा साठ किलो दाखवतो, ही गोष्ट लोहकऱ्यांच्या घरात फक्त जितेंद्रला आणि त्याच्या लेकीला, उन्नतीला, ठाऊक होती. जितेंद्रच्या वडिलांना, वामनरावांना, ती ठाऊक नाही, असं दोघंही धरून चालत. मोठ्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला अशी एखादी गोष्ट येतेच, जी दुसऱ्याला ठाऊक नाही असं धरून चालावं लागतं. नाहीतर एका पंगतीला बसून वरणभात गिळणं अवघड.

वाडीच्या नाक्यापुढे, अमरावती रोडला लागून, त्यांचा भरले ट्रक तोलायचा धर्मकाटा. मागची अकरा गोदामं, बुटीबोरीची शेड, दोनदा आमदारकी, मग मंडळाचं अध्यक्षपद, हे सगळं नंतरचं. आधी काटा. केबिनच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘आधी शून्य पाहा, मग गाडी लावा.’ हे वाक्य वामनरावांचं. गाडी तोलण्याआधी रिकामा काटा गिऱ्हाइकाला दाखवायचाच, हा त्यांचा शिरस्ता. याच वाक्यावर त्यांनी दोन निवडणुका लढवल्या, आणि दुसरीत तर समोरच्याचं डिपॉझिट गेलं.

गंमत अशी, की ते शून्य रोज सकाळी पाडावं लागे.

जितेंद्र साडेसहाला केबिन उघडायचा, मशीन लावायचा, लाल आकडे उजळायचे : साठ. तो बटण दाबायचा : शून्य. मग शटर वर. एकवीस वर्षं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटा बसला तेव्हापासून, हा नेम. कंपनीचा मेकॅनिक तीनदा येऊन गेला. गाडी चढते त्या लोखंडी पाट्याखालचे चारही सेन्सर बदलले, वायर बदलली, मशीन बदललं. तिसऱ्या खेपेला त्यानं हात पुसत सांगितलं, “साहेब, काटा एकदम बरोबर आहे. वजन आहे म्हणून दाखवून राहिला.” त्याला चौथ्यांदा बोलावलं नाही.

त्या शनिवारी मात्र उन्नतीनं बापाचा हात धरला.

“पप्पा, आज दाबू नका जरा. मले पाहू द्या.”

“काय पाहतं? काल साठ, परवा साठ. पाहाचं काय त्यात?”

“तेच म्हणून राहिली ना मी. पाऊस पडला, धूळ बसली, थंडीत लोखंड आकसलं, तर आकडा थोडा तरी हलाले पाहिजे. बिघाड असता तर कधी तीस आला असता, कधी नव्वद. हा एकवीस वर्षांपासून साठच काहून?”

“तू इंजिनिअर. तू सांग.”

“मी सांगीन ते तुम्हाले त्या मेकॅनिकनं सांगितलंच आहे.”

जितेंद्रनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तो बाहेर पाट्याकडे पाहत होता. डिसेंबरचं दंव पडून लोखंडी पाटा ओलाकंच झाला होता. फक्त मधोमध दोन जागा कोरड्या होत्या, वीतभर लांब, चार बोटं रुंद, शेजारी शेजारी. या जागाही रोजच्याच. त्यावर त्याचं स्वतःचं एक स्पष्टीकरण होतं, खालून पाइप जात असेल वगैरे. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की ते टिकणार नाही हे त्यालाही कळत होतं.

त्यानं बटण दाबलं.

*

मंगळवारी संध्याकाळी बातमी आली होती. वामनराव लोहकरे, वय सत्त्याहत्तर, पूर्वेकडच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल. घरात पेढे आधी आले, नकाशा नंतर उघडला गेला. सोमवारी शपथ. मधल्या शनिवारी वाडीच्या लोकांनी संत्रातुला ठरवली, आणि तीही देवळात नाही, हॉलमध्ये नाही. भाऊसाहेबांच्या, म्हणजे वामनरावांच्या, स्वतःच्या काट्यावर. संत्र्यांचा भरला ट्रक आधी काट्यावर चढवून तोलायचा, तो उतरला की पाट्यावर खुर्ची ठेवून भाऊसाहेबांना बसवायचं, आकडा येईल तितकी संत्री गावच्या शाळांना वाटायची. उरलेली कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही, म्हणजे ते ठरलेलं होतं.

दहा वाजता पोलिसांचं कुत्रं आलं. होणाऱ्या राज्यपालाची जागा आधी हुंगून घ्यावी लागते. कुत्र्यानं मांडव हुंगला, झेंडूच्या माळा हुंगल्या, केबिन हुंगली, माजी नगरसेवकाची पिशवी जरा जास्तच हुंगली. पाट्याच्या कडेशी मात्र ते थांबलं. पुढचा एक पाय उचलून ठेवला, उचलून मागे घेतला, आणि पोट जमिनीला लावून बसून राहिलं.

“पाटा गार आहे ना,” शिपाई म्हणाला.

“गार आहे, गार आहे,” जितेंद्र घाईनं म्हणाला.

ऊन चांगलं वर आलं होतं. वाडीची मोकाट कुत्री हिवाळ्यात तापलेलं पत्र्याचं छप्परही सोडत नाहीत. या पाट्यावर त्यातलं एकही कधी झोपलेलं उन्नतीनं पाहिलं नव्हतं. हे तिच्या आज लक्षात आलं, आणि आधी कसं आलं नाही याचं तिला जास्त भय वाटलं.

*

केबिनमागच्या कचेरीत स्वानंद जीवनपरिचय वाचून दाखवत होता. स्वानंद वामनरावांचा धाकटा मुलगा, वकिली करतो, पण मुख्यतः वडिलांचं नाव सांभाळतो. राजभवनाला हा कागद संध्याकाळपर्यंत हवा होता. ऐकायला वामनराव आणि त्यांच्या पत्नी देवकीबाई. कचेरीत शिरताना वामनरावांनी सवयीनं चपला उंबऱ्यापाशी काढल्या होत्या.

“जन्म, रामटेक तालुक्यातील एका सामान्य शेतकरी कुटुंबात.” शेतकरी कुटुंब सामान्य नसलं तर राजभवनात घेत नाहीत, असा स्वानंदचा समज होता. “सतराव्या वर्षी नागपुरात आगमन. ट्रान्सपोर्ट कचेरीत मालाच्या पावत्या, बिल्ट्या, लिहिण्याची नोकरी करीत वाणिज्य शाखेची पदवी. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली स्वबळावर वाडी येथे धर्मकाट्याची स्थापना...”

“स्वबळावर?” देवकीबाई म्हणाल्या.

एवढंच. पण पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी असा एकेक शब्द फार जपून खर्चला होता, त्यामुळे तो निघाला की ऐकू येई. स्वानंदनं कागद खाली केला.

“आई, मले माहीत आहे. मामाचं धानाचं वावर विकून काटा घेतला. पण रुपराव भागीदार होते असं लिहिलं, तर पत्रकार विचारतीन, कुठं आहेत आता? काय सांगू? बायको टाकून रायपूरले पळाले अन् दुसरं बिऱ्हाड केलं?”

देवकीबाईंनी पदर सारखा केला. रुपराव त्यांचा पाठचा भाऊ. पळपुट्याची बहीण म्हणून त्या त्रेचाळीस वर्षं या घरात मान थोडी खाली घालून वावरल्या होत्या, आणि नवऱ्यानं कधी एका शब्दानंही टोचलं नाही, म्हणून त्याच्या उपकारात होत्या.

“राहू दे स्वबळावर,” वामनराव म्हणाले.

आणि तेव्हाच उन्नती दारात आली. तिच्यामागे एक वाळकी, ताठ म्हातारी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात दोन कापडी पिशव्या. रामटेकच्या पहिल्या एसटीनं आली असावी. पायांवर धूळ होती.

“यमुआजीले मी बोलावलं,” उन्नतीनं कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. “जुन्या काट्याचं माहीत असणारं दुसरं कोणी उरलं नाही.”

“तुले काय करायचं जुन्या काट्याचं?” स्वानंद.

“काकाजी, माझं काम आहे.”

यमुताई, रुपरावची बायको. दर भाऊबीजेला या घरातून तिला लुगडं जाई आणि दर संक्रांतीला तिच्याकडून तीळगूळ येई. माणसं मात्र कधी जात-येत नसत. देवकीबाई चटकन म्हणाल्या, “ये वहिनी, बस. पण आज इथं गर्दी आहे वं. तू फोन करून...”

“बसाले नाही आली, देवकाबाई.” यमुताई वामनरावांसमोर उभी राहिली. “भाऊजी, तुमचं चांगलं झालं. आनंद हाय. पण आता तुम्ही लय दूर चालले. तिथं दारात बंदूकवाले राहतीन. मले कोण आत घेईन? म्हून आजच इचारून घेते.”

“विचारा ना,” वामनराव म्हणाले.

“मी रोज सकाळी आरशापुढं उभी राहते. एक बोट कुंकवात घालते अन् थांबते. हे लावू का पुसू? त्रेचाळीस वर्षं झाले, मले कोणी सांगतलं नाही. लोक म्हणते पळाला, तर लावते. एवढंच सांगा. वावर नको, पैसा नको. लावू का पुसू, तेवढं.”

बाहेर माइकवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत होतं.

“मामी,” स्वानंद वकिली आवाजात म्हणाला, “मामा रायपूरला आहेत, हे सगळ्यांना माहीत...”

“कोणी पाहिलं?”

“बाबुजींनी सांगितलं होतं ना.”

“हो,” यमुताई म्हणाली. “त्यायनंच सांगतलं. बाकी कोणीच नाही.”

तिनं एक पिशवी टेबलावर ठेवली आणि आतलं फडकं सोडलं. टायरच्या तळव्यांच्या चपला निघाल्या. उजवीचा पट्टा तांब्याच्या तारेनं शिवलेला. राजभवनाच्या कागदावर त्या ठेवल्या गेल्या, आणि स्वानंदला कागद ओढून घ्यायचं सुचलं नाही.

“माणूस रायपूरले गेला म्हनता,” यमुताई म्हणाली. “अनवाणी गेला का?”

*

देवकीबाईंनी ती तार ओळखली. भाऊबीजेला त्यांनी नव्या चपला घेतल्या होत्या तर रुपराव हसला होता : ‘ताई, गाडीचा टायर पंक्चर होते, फेकून देते का कोणी?’ तो आवाज त्यांच्या कानात इतका लख्ख वाजला की त्यांनी दाराकडे पाहिलं.

“कुठं भेटल्या तुले ह्या?” त्यांनी विचारलं.

“इथंच. तुमच्या कचेरीच्या उंबऱ्यापाशी. त्या दिवशी मी डबा घेऊन आलती. उन्नती, तुले सांगते, ऐक. जुना काटा आताच्यासारखा नोहता. पाट्याखाली माणूसभर खड्डा अन् त्याच्यात लोखंडाच्या कांड्या. पावसाळ्यात चिखल भरे. मंग हे बाजूच्या भोकातून आत उतरत अन् कांड्या पुसत. वरून माणूस दिसे नाही. म्हून उतरताना चपला काढून पाट्याच्या मधोमध ठेवत. पाट्यावर चपला दिसल्या की कोणताच डायवर गाडी चढवे नाही. हमाल आवाज देत, ‘खाली माणूस आहे!’ मीबी डबा घेऊन थांबून राहे.”

उन्नतीनं खिडकीतून पाट्याकडे पाहिलं. दंव केव्हाच उडालं होतं. तरी त्या दोन जागा कुठं होत्या, हे तिला नेमकं दाखवता आलं असतं.

“त्या दिवशी पाट्यावर चपला नोहत्या,” यमुताई सांगत होती. “पाटा एका अंगानं खचला व्हता. साहेब लोक आलते, त्यायच्या गाडीनं खड्डा बसला म्हने. अन् चपला उंबऱ्यापाशी. जोडीनं. टाचा भिताडाले, अंगठे बाहेर. मले वाटलं आत असन. भाऊजी म्हणाले, तो सकाळीच रायपूरले गेला. देवकाबाई, तुमचा भाऊ कधी जोडीनं चपला ठेवे का?”

नाही. रुपरावची एक चपल ओसरीवर आणि दुसरी गोठ्यापाशी सापडे. त्यावरून त्यानं लहानपणी आईचा मार खाल्ला होता. जोडीनं, टाचा भिंतीला लावून, अंगठे बाहेर, असं चपला ठेवणारं माणूस...

देवकीबाईंची नजर उंबऱ्याकडे गेली. तिथं त्यांच्या नवऱ्याच्या चपला होत्या. नव्या, काळ्या, शपथविधीसाठी घेतलेल्या. जोडीनं. टाचा भिंतीला. अंगठे बाहेर.

पन्नास वर्षं त्या हेच पाहत आल्या होत्या. शिस्तीचं माणूस म्हणून माहेरी कौतुकही सांगितलं होतं.

त्या उठल्या. नवऱ्याशेजारची खुर्ची त्यांनी ओढली नाही, उचलली. आवाज होऊ न देता यमुताईशेजारी नेऊन ठेवली आणि तिथं बसल्या. चार पावलांचं अंतर. पण घरात कोण कुणाच्या बाजूनं बसतं यावर ज्याची हयात गेली, त्या स्वानंदला ते अंतर बरोबर कळलं.

“आई, हे काय करून राहिली? बाहेर चारशे माणूस आहे.”

“तुह्या बापाले विचार.”

“बाबुजी?”

वामनरावांनी घड्याळ पाहिलं. “लोक थांबले आहेत,” ते म्हणाले. “चला.” आणि उंबऱ्याशी आपल्या चपलांत पाय घालताना ते क्षणभर अडले, जणू त्या त्यांच्या नव्हत्याच.

*

कचेरीपासून काट्यापर्यंत ऐंशी पावलं. दोन्ही बाजूंना माणसं, हात जोडलेले, मोबाइल वर धरलेले. वामनराव हसत होते. हसणं त्यांना पाठ होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी शासनाचे तपासनीस येणार होते, काट्यावर वर्षाचा शिक्का मारायला. वामनरावांनी पाटा धुऊन घेतला होता, कोपऱ्यांना झेंडू लावला होता. आणि मधोमध ह्या चपला. टायरच्या, तारेनं शिवलेल्या, चिखलाच्या. खड्डा कालच साफ झाला असं ते धरून चालले होते. रुपराव चपला कुठंही टाकतो हेही धरून चालले होते. साहेबांची जीप वळणावर दिसली. त्यांनी त्या दोन बोटांनी उचलल्या, उंबऱ्याशी नेल्या, आणि नीट ठेवल्या.

साहेबांनी भरलेला गिट्टीचा ट्रक चढवायला सांगितला. पाटा एका बाजूनं खचला. पावसानं भिजलेली खड्ड्याची भिंत आत बसली. ट्रक मागे घेतला. साहेब म्हणाले, पाया नवा बांधा, मग बोलवा, आणि गेले. हमाल जेवायला गेले होते. वामनरावांनी बाजूच्या भोकाशी बसून एकदा हाक मारली, “रुपराव.”

दुसरी मारली नाही. ओ आली असती तर?

दिवस मावळायच्या आत खड्ड्यात मुरूम पडला होता. आठवड्यात काँक्रीट. रस्ता रुंद झाला तेव्हा काटा हलवून पुढच्या मोक्याच्या जागी न्यायचा सल्ला तीन वेळा आला. वामनरावांनी तीनही वेळा नाही म्हटलं. मातीशी इमान, असं लोक म्हणाले. जीवनपरिचयात ते वाक्य दुसऱ्या पानावर होतं.

आणि साठ. पोरांना वाटतं बापाला ठाऊक नाही. नवा काटा बसला त्या पहिल्या सकाळी मशीन त्यांनीच लावलं होतं. आकडा पाहिला, आणि शून्याचं बटण शोधून काढलं. पोराला ते दाबायला त्यांनीच शिकवलं : ‘रोज सकाळी, शटर उघडायच्या आधी.’ का, हे जितेंद्रनं विचारलं नाही. गुणी पोरगा.

ते पाट्यापाशी पोचले. हार पडले. संत्र्यांचा ट्रक माळा घालून रस्त्याच्या बाजूला उभा होता, ड्रायव्हर फेटा बांधून बसला होता.

माइकवरचा माणूस रंगात आला होता. “भाऊसाहेबांचा शिरस्ता काय? आधी...”

“शून्य पाहा!” चारशे माणसं ओरडली.

केबिनमध्ये आपोआप मशीन विझून पुन्हा लागलं होतं. जितेंद्र शपथेवर सांगतो की त्यानं हात लावला नव्हता. त्याच्याशेजारी येऊन उभी राहिलेली उन्नतीही तेच सांगते. केबिनच्या माथ्यावरच्या मोठ्या फलकावर लाल आकडे आले.

साठ.

आधी हशा उठला. “भाऊसाहेब, काटा म्हातारा झाला!” कुणीतरी म्हणालं. “कोणी बसलं आहे का गा पाट्यावर?” दुसऱ्यानं विचारलं, आणि लोकांनी खरंच वाकून पाहिलं. पाटा रिकामा होता. ऊन सरळ त्यावर पडलं होतं.

जितेंद्रचं बोट बटणावर गेलं. उन्नतीनं त्याचं मनगट धरलं नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. काचेतून त्यानं बापाकडे पाहिलं. वामनरावांनी मान हलवली. नाही.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा जितेंद्रनं हात मागे घेतला आणि तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

ड्रायव्हरला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला ठरलेलं ठाऊक होतं : घोषणा झाली की गाडी चढवायची. त्यानं गिअर टाकला, हॉर्न दिला, आणि ट्रक पाट्याकडे सरकू लागला.

वामनराव वाकले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस वाकतो तसे, गुडघ्यावर हात टेकवून. त्यांनी पायातल्या नव्या चपला काढल्या, हातात घेतल्या, पाट्यावर चढले, आणि मधोमध नेऊन ठेवल्या. मग अनवाणी मागे आले आणि कडेला उभे राहिले.

लोकांना वाटलं, भाऊसाहेब काट्याच्या पाया पडून राहिले. टाळ्या वाजल्या.

टाळ्यांतूनच एक फाटका आवाज आला. मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा हमाल, ज्याला कुणी खुर्चीही दिली नव्हती, दोन्ही हात वर करून ट्रकपुढे धावला. डोकं विसरलं होतं, गळा विसरला नव्हता.

“थांब! गाडी थांबव! खाली माणूस आहे! खाली माणूस आहे!”

ब्रेक करकचून लागले. दोन-चार संत्री वरून निसटून रस्त्यावर घरंगळत गेली. एकही कुणी उचललं नाही. म्हातारा हमाल आपण काय ओरडलो हे आता ऐकत असल्यासारखा उभा होता. त्यानं पाट्यावरच्या चपलांकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांच्या उघड्या पायांकडे, मग फलकाकडे; आणि डोक्यावरची टोपी काढली.

स्वानंदचा फोन वाजत होता. राजभवनाचा नंबर. तो वाजू दिला गेला.

यमुताई गर्दीतून पुढे आली. देवकीबाई तिच्या कोपराला धरून होत्या. कोण कुणाला सावरत होतं हे सांगणं कठीण. वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. भाषणं करून करून मोठा झालेला आवाज कुठंतरी राहून गेला होता. उरला तो बिल्ट्या लिहिणाऱ्या पोराचा.

“वहिनी,” ते म्हणाले, “तो रायपूरले गेला नाही.”

यमुताईनं मान हलवली. उशिरा का होईना, उत्तर मिळालं एवढीच. ती पाट्यावर गेली. टेबलावरून परत पिशवीत घेतलेल्या टायरच्या चपला बाहेर काढल्या. एक इथं टाकली, एक तिथं, वाकडी, पालथी, जशा तो टाकत असे तशा. मग केबिनच्या काचेकडे वळली.

“किती दाखवते गं पोरी?”

उन्नतीनं काच सरकवली. “साठ, आजी.”

“तेवढाच भरन,” यमुताई म्हणाली आणि पदराच्या टोकानं कपाळ पुसू लागली. “उपाशी व्हता. डबा माह्याच हातात राहिला.”